दहावं नख

पायलच्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, त्याला या भाद्रपदात दोन वर्षं झाली. राहून गेलं म्हणणंही खरं नव्हतं. विसरलेल्या गोष्टीला माणूस राहून गेली म्हणतो. भिवासर ते पत्र एक दिवसही विसरले नव्हते. आलं त्याच दिवशी त्यांनी जुन्या सवयीने त्यावर तारीख घातली आणि वरच्या कोपऱ्यात लाल शाईने लिहिलं, ‘उत्तर देणे आहे’. तीस वर्षं बदनापूरच्या एका हायस्कुलात ग्रंथपाल म्हणून काढलेली. आलेल्या कागदावर शेरा मारल्याशिवाय तो ठेवायचा नाही, ही शिस्त अंगात मुरलेली. शेरा मारला, कागद शब्दकोशात ठेवला, आणि शेरा तसाच राहिला.

मुलगी वीस किलोमीटरवर जालन्याला, हातात मोबाइल, तरी पत्र लिहिते याचं शेजाऱ्यांना हसू यायचं. कारण तिने पत्रातच दिलं होतं. ‘बाबा, फोनवर तुम्ही सगळ्याला बरं म्हणता. तुमचं बरं म्हणजे हो की नाही, ते मला लहानपणापासून कळलेलं नाही. म्हणून लिहून विचारते. तुम्हीही लिहूनच सांगा.’ बँकेच्या परीक्षा सोडल्या, पुण्याला जाऊन नखांचं काम शिकून आली, नवीन जालन्यात गाळा घेतला, हे सगळं त्यांना ठाऊकच होतं. नवं होतं ते शेवटी. ‘दुकानाला आईचं नाव द्यावं असं मनात आहे. चांगुणा नेल स्टुडिओ. तुमच्या होकाराशिवाय देणार नाही. आणि आईच्या हातांचा एखादा फोटो असेल तर पाठवा, त्यावरून पाटीवर चित्र काढून घेते. मला तिचे हात नीट आठवत नाहीत.’

उत्तरं त्यांनी पुष्कळ लिहिली. पाठकोऱ्या कागदांवर, खाडाखोड करत. सगळी उत्तरं फोटोपाशी येऊन थांबली.

चांगुणाबाईंचा धड म्हणावा असा एकच फोटो घरात होता, भिंतीवर. शाळेच्या संमेलनात भिवासरांचा सत्कार झाला, तेव्हाचा. अध्यक्षांनी पत्नीलाही मंचावर बोलावलं. फोटोत भिवासर शाल पांघरून अवघडून उभे आहेत, शेजारी चांगुणाबाई हिरव्या साडीत, आणि त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत पदराखाली आहे. बघणाऱ्याला वाटावं, लाजली असेल बाई. ती लाजली नव्हती. फोटोवाल्याने कॅमेरा वर केला तेव्हा भिवासर ओठ न हलवता म्हणाले होते, “हात पदराखाली घे.”

तेव्हा सरकीच्या प्लॉटवर क्रॉसिंगचा सीझन चालू होता. बियाण्याच्या कंपन्यांसाठी कपाशीच्या फुलांचा संकर हाताने करावा लागतो, आणि ते काम बाया करतात. चांगुणाबाई लग्नाआधीपासून जायच्या. त्या कामाला उजव्या अंगठ्याचं नख लागतं. नऊ नखं त्या दर रविवारी ब्लेडने कापायच्या आणि दहावं वाढवायच्या. लांब, जाड, कपाशीच्या चिकाने काळपट हिरवं पडलेलं. मंचावर अध्यक्षांच्या पत्नीच्या नेलपॉलिशशेजारी ते नख दिसलं आणि ग्रंथपालांना लाज वाटली. त्यानंतर दोन वर्षांत चांगुणाबाई काविळीने गेल्या. पायल तेव्हा दहा वर्षांची होती.

हे मुलीला कसं लिहायचं? आणि हे न लिहिता नावाला होकार तरी कोणत्या तोंडाने द्यायचा? मी कोण तिचं नाव देणारा, असं त्यांना वाटायचं; मग वाटायचं, हा विचारही आपण पळवाट म्हणूनच काढला असेल. असं करत दोन वर्षं गेली.

नवरात्रातल्या गुरुवारी ते डोळे तपासायला जालन्याला आले. डॉक्टरांनी थेंब दिले. बदनापूरची गाडी संध्याकाळची, म्हणून दुपारी ते पायलच्या दुकानाकडे निघाले. दोन वर्षांत ही तिसरी खेप. ऊन असं की रस्त्यावरचे ऑटोवालेही आवाज न देता बसून होते. बियाण्याच्या दुकानांच्या ओळीत, एका बँकेच्या जिन्याखाली तिचा गाळा. वर पाटी होती. पांढऱ्या फ्लेक्सवर उजवीकडे गुलाबी अक्षरांत ‘नेल स्टुडिओ’, आणि डावीकडची अर्धी पाटी कोरी. कोऱ्या भागावर दोन पावसाळ्यांचे ओघळ उमटले होते. भिवासरांनी मान खाली घातली आणि आत गेले.

पायल उभ्यानेच डबा खात होती. एका हाताने पोळी, दुसऱ्याने टेबलावरची नखांची धूळ पुसणं.

“बसा बाबा. डॉक्टर काय म्हणाले?”

“बरं आहे म्हणाले.”

“तुम्ही म्हणाला बरं, का डॉक्टर म्हणाले?”

ते हसले. तीही हसली, पण अर्धवट. तिचे डोळे लाल होते. नवरात्र लागल्यापासून ती सकाळी नऊला बसायची आणि रात्री उठायची. मान आखडली की भिंतीला डोकं टेकून दोन मिनिटं डोळे मिटायची, तेवढीच विश्रांती.

फोन वाजला. स्पीकरवर ठेवून ती जेवत राहिली. पलीकडे पाटीवाला हरिओम होता.

“ताई, मजकूर पाठवा ना. सोमवारपर्यंत नाही दिला तर दसऱ्याला पाटी होणार नाही, सांगून ठेवतो. सगळ्या गावाला दसराच पाहिजे.”

“देते सोमवारी.”

“दोन वर्षं सोमवारीच देऊन राह्यल्या तुम्ही. मी म्हणतो ग्लॅम नेल्स करून टाका. इंग्लिशमध्ये. चमकतं बी छान.”

“सोमवारी सांगते,” पायल म्हणाली. “नाहीच जमलं तर ग्लॅम नेल्स टाक. आता कोरी नको. लोक विचारतात, दुकान विकायला काढलं का.”

फोन ठेवून तिने डबा बंद केला. वडिलांकडे बघितलं नाही. “धम्मचक्र दिनाला लावायची होती,” एवढंच म्हणाली, तेही डब्याच्या झाकणाला सांगितल्यासारखं. दसऱ्याचा दिवस त्यांच्या घरात धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा. चांगुणाबाई त्या दिवशी पांढरी साडी नेसायच्या.

भिवासरांच्या पिशवीत पाण्याची बाटली, डोळ्यांचे थेंब, एक पुस्तक आणि एक कोरं आंतरदेशीय पत्र होतं. पत्रावर पायलच्या दुकानाचा पत्ता दोन वर्षांपूर्वीच घातलेला. आत काही नाही. पिशवी त्यांनी मांडीवर ओढून घेतली.

“बाबा, एक काम करता?”

“सांग.”

“हात द्या.”

त्यांना वाटलं, उठायला हात मागतेय. पण तिने टेबलावरचा दिवा लावला आणि समोर छोटी उशी ठेवली.

“तीन वाजता तीर्थपुरीहून एक नवरी येतीये. तिला डिप पावडर करायचीये, पण आधी हातावर बघायचंय. फोटोवर विश्वास नाही म्हणते. जिच्यावर करून दाखवणार होते तिला ताप आला. माझी नखं बघा, फाइल मारून मारून काही उरलंच नाही.”

“माझ्या हातावर?”

“डाव्या.”

“अगं, लोक काय म्हणतील?”

“कोणते लोक? मी आहे आणि पंखा आहे.”

भिवासरांना नाही म्हणता येत नसे. आयुष्यभर पुस्तकं परत न करणाऱ्या मुलांनाही त्यांना कधी बोलता आलं नव्हतं. त्यांनी डावा हात उशीवर ठेवला. जुन्या पुठ्ठ्यासारखी त्वचा, खडबडीत नखं. पायलने तो हात उचलला तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, तिने असा आपला हात धरल्याला पंधरा-वीस वर्षं झाली असतील.

तिने नखांच्या कडेची कातडी मागे सारली, फाइलने वरची चकाकी घालवली, मग कसल्याशा पाण्याने नखं कोरडी केली. “कोरडं नसलं तर धरत नाही,” ती मास्कमधून म्हणाली. टेबलावर पावडरीच्या डब्यांची ओळ होती. विटकरी, मोहरीचा पिवळा, गुळाचा तपकिरी, आणि बीटाच्या रसासारखा एक.

“हे नवीन आलंय. ऑटम कलेक्शन लिहिलंय डब्यांवर. आपल्याकडं कुठला आला ऑटम?”

“शरद म्हणायचं,” भिवासर म्हणाले.

“हां, शरद. घामाने मास्क भिजतोय त्याला शरद म्हणायचं. नवरीला हा बीटाचा पाहिजे.”

“दुसरा चालणार नाही? तो तपकिरी...”

“लग्न तुमचं नाही बाबा.”

तिने थोडी पावडर एका वाटीत काढली. “डबीत बोट बुडवायचं नाही. एकाची बोटं बुडाली की डबी सगळ्यांसाठी बाद.” नखावर पातळ चिकट थर दिला, बोट वाटीत तिरपं बुडवलं, वर काढलं, आणि मऊ ब्रशने जास्तीची पावडर झटकली. झटकताना तिने ब्रशच्या दांडीवर तर्जनीने दोनदा टिचकी मारली. टिक टिक.

भिवासर तिच्या बोटाकडे बघत राहिले.

लग्नानंतर एकदाच ते प्लॉटवर गेले होते, डबा द्यायला. सकाळची वेळ. चांगुणाबाई वाकून उभ्या. आदल्या दिवशी दुपारनंतर त्यांनी कळ्या सोलून ठेवलेल्या. उद्या उमलेल अशी कळी ओळखायची, अंगठ्याच्या नखाने ती गोल चिरायची, पाकळ्या आणि पुंकेसर एका हिसक्यात काढायचे आणि मधला नाजूक दांडा तेवढा शाबूत ठेवायचा. नख खोल गेलं तर बोंड धरत नाही; एक केसर मागे राहिला तर बियाणं बाद. सोललेल्या कळीला खुणेचा लाल दोरा. सकाळी दुसऱ्या जातीचं फूल आणून त्याची पिवळी पूड त्या दांड्यावर लावायची. पूड नीट पडावी म्हणून चांगुणाबाई फुलाच्या देठावर बोटाने टिचकी मारायच्या. दोनदा. दिवसाला शेकडो कळ्या, शेकडो टिचक्या.

पायलला हे कुणी शिकवलेलं नव्हतं. शिकवायला कोण होतं?

“आईचं एक नख मोठं होतं ना?” तिने अचानक विचारलं. मान वर केली नाही. “मला तेवढंच आठवतं. डोक्याला तेल लावायची तेव्हा टोचायचं. मी रडायचे. मग ती अंगठा दुमडून चार बोटांनी लावायची.”

भिवासरांना वाटलं, आता सांगावं. हात तिच्या हातात आहे, दुकानात कुणी नाही. फोटोची गोष्ट सांगून टाकावी आणि जे होईल ते होऊ द्यावं. त्यांनी ओठ ओले केले.

“पायल...”

“हलू नका. टॉप कोट आहे.”

तो थर सुकेपर्यंत काच ढकलून दोघीजणी आत आल्या.

पुढची पोरगी विशीतली, जीन्सवर लांब कुर्ता, डोळ्यांवर गॉगल. ही नवरी प्रांजली. मागून तिची आजी आसराबाई, नऊवारी नेसलेली, उन्हाने करपलेली, हातात कापडी पिशवी. आत येताच पंख्याखाली उभी राहिली आणि पदराने मान पुसली.

भिवासरांनी काही न ठरवता डावा हात मांडीवरच्या पिशवीत घातला.

“ताई, सॉरी, एसटी उशिरा आली,” प्रांजली म्हणाली. “रविवारी साखरपुडा आहे. माझं डिप, आणि आजीचं पण काहीतरी करा. घरचे सगळे फोटोत येणार, आणि हिचा हात बघा.”

आसराबाईंनी उजवा हात पुढे केला. सहज, जसा भाजी दाखवायला करतात. अंगठ्याचं नख बोटाच्या पुढे चांगलं अर्धा इंच आलेलं, कडेला थोडं फाटलेलं, हिरवट काळं.

“हे काप म्हणती मला,” आसराबाई म्हणाल्या. “मी म्हणलं, येडी झाली का? अजून आठ दिवस प्लॉट चालू हाय. नख कापल्यावर मंग काम कशानं करू, दातानं?”

“आजी, सोड की आता प्लॉट. आज तरी खाडा केलाच ना?”

“तुह्यासाठी केला. उद्या न्हाई करायची. मुकादम लय बोलून राह्यला.” त्या खुर्चीत बसल्या आणि पायलकडे वळल्या. “बाई, तुह्याकडं ती पूड हाय म्हणं, नख मजबूत होतं. ह्या फाटलेल्यावर बसव ना थोडी. बिलकुल पक्की. सीझन तेवढा निघंल.”

पायलने त्यांचा अंगठा दिव्याखाली धरला. बराच वेळ धरला. भिवासरांना तिचा चेहरा दिसत नव्हता, मास्क होता.

“बसवता येईल आजी. पण नख जाड होईल. धार जाईल. मग कळी चिरणार नाही, चेंगरेल.”

आसराबाईंनी तिच्याकडे नीट बघितलं. “तुला काय ठाऊक गं कळीचं?”

“माझी आई जायची क्रॉसिंगला.”

“अस्सं!” म्हातारीचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला. “मंग पूड नको. र्‍हाऊ दे फाटकंच.”

“मग फोटोत काय करणार?” प्रांजलीचा आवाज रडवेला झाला. “ताई, सासरचे सगळे संभाजीनगरचे आहेत. रिंग घालताना सगळ्यांचं लक्ष हातांवर असतं. आजी, निदान फोटोच्या वेळी हात पदराखाली घेशील?”

पंखा फिरत होता. भिवासरांनी प्रांजलीकडे बघितलं. इतक्या वर्षांनी तेच वाक्य, तीर्थपुरीच्या एका पोरीच्या तोंडून, जसंच्या तसं.

“काऊन?” आसराबाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही. “चोरी केली का म्या? तुही बारावीची फी ह्याच नखानं निघाली. पदराखाली घ्यायचं तर मंग घरीच बसते ना, येतेच काऊन?”

“तसं नाही गं...”

“मंग कसं?”

प्रांजलीने गॉगल काढून कुर्त्याला पुसला. ती वाईट पोरगी नव्हती. चांगुणाबाईंच्या शेजारी शाल पांघरून उभा असलेला माणूसही वाईट नव्हता. वाईट नसूनही हे केलं, याचाच भिवासरांना जास्त थकवा आला.

ताण मोडायला पायल म्हणाली, “प्रांजली, आधी रंग बघून घे. बाबा, दाखवा.”

भिवासर हलले नाहीत.

“बाबा?”

“पिशवीत काय हाय हो?” आसराबाईंनी विचारलं. “पैसे काढायचे तर हात बाहेर काढा, आन् मांजर असंल तर सोडून द्या.”

प्रांजली फिसकन हसली. भिवासरांचा हात बाहेर निघेना. पाच नखं, बीटाच्या रंगाची, सत्तरीतल्या माणसाच्या हातावर. आणि त्याच क्षणी त्यांना कळलं की पिशवीत घातलेला हा हात आणि फोटोतला तो हात यांत एकच फरक आहे. चांगुणाला कुणीतरी सांगितलं होतं.

त्यांनी हात काढला आणि दिव्याखाली ठेवला.

आसराबाई खळखळून हसल्या. पुढच्या दातांच्या जागी फट होती. “आगं माय! गुरुजी, तुमचा बी साखरपुडा हाय का रविवारी?”

“नाही,” भिवासर म्हणाले. आणखी काहीतरी म्हणावं असं वाटून पुढे म्हणाले, “मुलीचं काम आहे.”

“मंग लपवून काऊन राह्यले? बराबर दिसतं की.” त्यांनी बिनधास्त त्यांचं बोट धरून नखावर आपलं नख वाजवलं. “पक्कं हाय. चिंचोक्यावानी.”

प्रांजलीने वाकून रंग बघितला, मोबाइल काढला, होणाऱ्या नवऱ्याला फोटो पाठवला, उत्तराची वाट पाहिली. उत्तर आलं. “चालेल,” ती म्हणाली. मग थोडं थांबून, आजीकडे न बघता म्हणाली, “आजीलाही हाच लावा.”

“नऊ रंगव,” आसराबाई म्हणाल्या. “दहावं कामाचं हाय.”

दोघींचं व्हायला पावणेदोन तास लागले. आसराबाई मध्येच बसल्या जागी झोपल्या, हात उशीवर, तोंड उघडं. पायलने त्यांना उठवलं नाही. झोपलेल्या हाताची नऊ नखं तिने हळूहळू रंगवली आणि दहाव्याच्या फाटलेल्या कडेवर फाइल फिरवून ती तेवढी गुळगुळीत केली, म्हणजे पाकळीत अडकू नये. भिवासर पुस्तक उघडून बसले होते. एकच पान. थेंबांमुळे अक्षरं पुसट होती, एवढंच कारण नव्हतं.

काम झाल्यावर तिने नेहमीप्रमाणे मोबाइलवर हातांचा फोटो काढला. प्रत्येक गिऱ्हाइकाचा ती काढायची. हजारभर हात असतील तिच्या मोबाइलमध्ये.

“ह्या अंगठ्याचा बी काढला का?” आसराबाईंनी डोळे चोळत विचारलं.

“त्याचाच काढला.”

दोघी गेल्या. काच बंद झाली. पायलने मास्क काढला. गालांवर दोऱ्यांचे वळ उठले होते. तिने कपाळ टेबलावर टेकलं आणि तशीच बसली.

आता बोलायचं. भिवासर उठले, तिच्यामागे उभे राहिले. तिच्या केसांवर नखांची धूळ बसली होती, पिठासारखी. त्यांनी हात उचलला, पण ठेवला नाही.

“पायल.”

“हं.”

“गाडीची वेळ झाली.”

तिने डोकं उचललं. एवढ्या वर्षांची सवय, तिला राग आला नसावा. “थांबा, रंग काढून देते. अॅसिटोनमध्ये वीस मिनिटं बुडवावं लागतं.”

“गाडी चुकेल. राहू दे.”

“असेच जाणार? गाडीत?”

“राहू दे.”

ती बघत राहिली. तिला काहीतरी विचारायचं होतं, पण पुढचं गिऱ्हाईक काचेबाहेर उभं होतं. भिवासर बाहेर पडले. वर पाटीकडे या वेळी त्यांनी बघितलं.

स्टेशनवर गाडी पाऊण तास उशिरा होती. बाकावर त्यांनी पिशवी मांडीवर आडवी घेतली, तिच्यावर पुस्तक ठेवलं, पुस्तकावर आंतरदेशीय. डाव्या हाताने कागद दाबून धरला. शेजारी बसलेल्या माणसाने आधी कागदाकडे, मग नखांकडे, मग त्यांच्या तोंडाकडे बघितलं. भिवासरांनी हात तिथेच ठेवला. थोडा वेळ तो जड वाटला, मग नुसता हात झाला.

मजकूर जमत नव्हता. पहिली ओळ सुबक आली म्हणून त्यांनाच तिचा संशय आला, पण दुसरं पत्र नव्हतं, खोडायला जागाही नव्हती. ते लिहीत गेले.

‘चि. पायल, सप्रेम जयभीम. तुझ्या पत्राचं उत्तर दोन वर्षांनी देत आहे. आईच्या हातांचा फोटो नाही. भिंतीवरच्या फोटोत तिचा उजवा हात पदराखाली आहे, तो मी घ्यायला लावला होता. मला तिच्या नखाची लाज वाटली होती. ती काही बोलली नाही. घरी आल्यावर तिने साडी घडी करून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी प्लॉटवर गेली. हे तुला माहीत असावं. माहीत झाल्यावर तुला माझा राग आला तर ते योग्यच होईल.

तिचं नाव पाटीवर लाव. माझ्या होकाराची त्याला गरज नव्हती, पण तू मागितलास म्हणून देतो. हो. बरं नव्हे, हो.

तू ब्रश झटकताना दांडीवर दोनदा टिचकी मारतेस. ती फुलाच्या देठावर तशीच मारायची. तुला तिचे हात आठवत नाहीत असं लिहिलं होतंस, म्हणून कळवतो.’

खाली त्यांनी ‘तुझा’ लिहिलं, मग बराच वेळ थांबून ‘बाबा’. पाटीवरच्या चित्राबद्दल काहीतरी सांगायचं राहिलं असं वाटलं, पण त्या अंगठ्याचा फोटो आता पायलच्या मोबाइलमध्ये होता, आणि ते त्या म्हातारीचं आणि पायलचं होतं. त्यात आपण शब्द घालू नयेत. कागद दुमडला. डिंकाची पट्टी जुनी झाल्याने चिकटेना, तेव्हा जीभ दोनदा फिरवावी लागली.

टपालपेटी स्टेशनच्या दाराशी होती. पेटीवर टपाल काढायच्या वेळेची पट्टी होती, आकडा पुसट झालेला. उद्या निघालं तर शनिवारी पोचेल. शनिवारी नाही पोचलं तर सोमवारी. सोमवारी दुपारी पोचलं तर? हरिओमने सकाळीच फोन केला तर? दुकान इथून दहा मिनिटांवर होतं. चालत जाऊन हातात देता आलं असतं. पण हातात दिलं की ती समोरच वाचेल, आणि मग त्यांना काहीतरी बोलावं लागेल, आणि त्यांच्या तोंडून पुन्हा ‘बरं’ निघेल. तिने लिहून मागितलं होतं.

गाडीची घोषणा झाली. माणसं उठून पुढे सरकली. भिवासरांनी डाव्या हाताने पेटीचं झाकण वर ढकललं. जाड झालेलं नख पत्र्यावर घासलं, आवाज झाला, मागून कुणीतरी वळून बघितलं. पत्र आत गेलं आणि तळाशी पडल्याचं त्यांना ऐकू आलं.